उघड्या अंगाची पूजा

पालशेत, ता. गुहागर
१६ जुलै २००१

चंदू,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. द्यावेसे वाटले तर.

तुझं कार्ड मिळालं. 'यंदा गणपतीला येता येणार नाही, पूजेला जितूला बसव.' संपलं. खाली सही. अरे, बाबा गेल्यापासून चोवीस वर्षं आपल्या घरचा गणपती तू बसवतोस. घरातल्या थोरल्याने सोवळं नेसून, उघड्या अंगाने, सगळ्या वाडीसमोर पाटावर बसायचं ही आपली रीत. तापाने फणफणला होतास त्या वर्षीही बसलास. आणि यंदा एक ओळ? चुलतभावाला बसव म्हणून?

फेब्रुवारीत तुझं पोटाचं ऑपरेशन झालं. 'आतड्याला गाठ होती, काढली, आता बरा आहे' हे तूच कळवलंस. बरा आहेस ना? मग?

जितू गेल्या आठवड्यात मुंबईला गेला होता, तो वाट वाकडी करून वसईला तुझ्याकडे आला. परत आल्यापासून तोंड शिवल्यासारखा गप्प. काल खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. म्हणे, तुझ्या खोलीचं दार अर्धा तास बंद. आत तू आणि एक ख्रिस्ती बाई, गळ्यात क्रूस. म्हणे, शकू गरम पाण्याची बादली घेऊन दाराबाहेर उभी, स्वतःच्याच घरात परक्यासारखी. तू बाहेर आलास, दोन शब्द बोललास आणि पुन्हा आत गेलास. म्हणे, टेबलावर पावाची लादी. आणि मोरीत हात धुवायला गेला तर खुंटीवर तुझं जानवं लटकत होतं.

चंदू, सरळ विचारते. तू बाटलास का?

म्हातारी माणसं सांगायची, वसईला फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली. मी ऐकून हसायचे. आता हसू येत नाही.

बाटला असशील तर तसं सांग. मी रडेन, चार दिवस जेवणार नाही, पण तू माझा भाऊच राहशील. खोटं मात्र बोलू नकोस. शेजारी फोन करू नकोस, त्यांच्या ओटीवर बसून सगळी वाडी ऐकते. लिही.

अक्का


वसई रोड
२३ जुलै २००१

अक्का,

तुझं पत्र वाचून शकू इतकी हसली की तिला ठसका लागला. फेब्रुवारीनंतर या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

बाटलो नाही. पण खोटं बोललो, हे खरं.

गाठ साधी नव्हती. गुदद्वाराच्या जरा वर, मोठ्या आतड्याच्या शेवटाला कॅन्सर होता. वर्षभर रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून त्रिफळा खात बसलो. डॉक्टरांनी तेवढं आतडं कापून काढलं आणि उरलेली टोकं जोडली. तो जोड कच्चा आहे. त्यावरून मळ जाऊ नये म्हणून त्यांनी वरचं आतडं पोटातून बाहेर काढून ठेवलंय. बेंबीच्या उजवीकडे, थोडं खाली. लाल, ओलं, लहान टोमॅटोएवढं. त्यावर एक पिशवी चिकटवलेली असते. खाल्लेलं सगळं तिथून बाहेर येतं, पातळ, दिवसरात्र, मला न विचारता. थांब म्हणायची सोय नाही.

आता तुझे आरोप. ती ख्रिस्ती बाई म्हणजे थेरेसाबाई. वसईतल्याच होळी गावच्या, तीस वर्षं मुंबईच्या हॉस्पिटलात नर्स होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, पिशवी बदलतात, सोललेल्या कातडीला औषध लावतात. दार मी लावून घेतो. शकूलाही मी ते पाहू देत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला, आणि तिला बादली घेऊन बाहेर उभं करतो.

पाव डॉक्टरांनीच सांगितलाय. पाव, केळं, मऊ भात खाल्ला की जरा घट्ट होतं. आणि जानवं सारखं पिशवीत अडकायचं. एकदा भरलं. तेव्हा उतरवून खुंटीला लावलं. विटाळू नये म्हणून उतरवलं गं, आणि तुम्ही मला त्यावरून बाटवलंत.

चौथा मजला, लिफ्ट नाही. पाण्याचा टँकर दिवसाआड येतो, तोही आला तर. पिशवी दिवसातून सात वेळा रिकामी करायची, धुवायची, आणि तेवढ्याच पाण्यात शकूने घर चालवायचं. दोन खोल्या आहेत. खिडकीपासून मोरीपर्यंत सतरा पावलं. हॉस्पिटल सोडलं तर साडेपाच महिन्यांत एकदाच खाली उतरलो, ते पुन्हा कधी सांगेन. बेल वाजली की मी आतल्या खोलीत. घरचाच चोर झालोय.

असल्या अंगाने देवासमोर उघडा बसू? मंत्र म्हणताना पोटावर ती पिशवी गुर्र करून वाजते, फुगते. लोकांनी आरती म्हणायची की माझ्या पोटाकडे बघायचं?

औषधं संपली की दिवाळीनंतर आतडं परत आत घालून देतो असं डॉक्टर म्हणालेत. मग पुढल्या वर्षी मीच बसणार. शब्द देतो. तोवर कुणाला सांगू नकोस. जितूलाही नाही.

चंदू


पालशेत
१ ऑगस्ट २००१

चंद्या, गाढवा,

चष्मा पुसून पुसून वाचलं. तो शब्द तू एकदाच लिहिलास, पण मला पानभर तोच दिसत होता. तू तिकडे मरणाच्या दारात आणि मी इथून आंब्याच्या पेट्या पाठवून 'पोहोचल्या का, गोड निघाले का' विचारत होते. आणि तूही बेशरमासारखं 'गोड निघाले' लिहिलंस. खाल्लास तरी का एक?

थेरेसाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्याबद्दल मी नको ते मनात आणलं, त्याबद्दल माझे कान धर. कुळथाचं पीठ पाठवतेय, त्यातलं अर्धं त्यांना दे.

जितूला मी काही सांगितलेलं नाही. 'चंदू बाटलेला नाही, तू आता तोंड बंद ठेव' एवढंच म्हटलं. त्यामुळे त्याची आता खात्रीच पटली आहे.

एक विचारू? ती पिशवी दोन तास काढून नाही का ठेवता येणार? वर घट्ट फडकं बांधून? पूजा दोन तासांचीच तर आहे. आदल्या दिवशी कडक उपास कर, म्हणजे पोटात काही असणारच नाही. कमरेला उपरणं गुंडाळ. मी जवळ बसेन. ये ना रे.

तुझी अक्का


वसई रोड
९ ऑगस्ट २००१

अक्का,

उपास केला तरी ते थांबत नाही. मग नुसतं हिरवं पाणी येतं, आणि कातडी जास्त जळते. फडकं दहा मिनिटंही टिकायचं नाही.

तुझा प्रश्न थेरेसाबाईंना वाचून दाखवला. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काढायची गरजच काय? तुम्ही निघायच्या आधी मी नवी लावून देते, तीन दिवस हलायची नाही. वर उपरणं बांधा आणि जा. तुमच्या देवाला पोट काय नवीन आहे काय? तोच केवढं मोठं घेऊन बसलाय." शकूही म्हणाली, जाऊ या, मी बरोबर आहे. दोघी मिळून माझ्या मागे लागल्या.

मी नाही म्हटलं. का, ते सांगतो.

जूनमध्ये इमारतीची मीटिंग होती, टँकरवरून. मी चार वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हटलं तासभर जाऊन बसू. गेलो. बोलायला उभा राहिलो आणि पिशवीची कड सुटली. पांढरा शर्ट. वास. पुढच्या रांगेत तळमजल्यावरचे बॅप्टिस्ट बसले होते. ते उठले, छपराखालीच स्वतःची छत्री उघडली, माझ्यापुढे आडवी धरली आणि जिन्यापर्यंत मला चालवत नेलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो. सगळ्यांनी माना खाली घातल्या, बायकांनी पदर नाकाला लावले. चार मजले चढताना पायऱ्यांवर पडत होतं, आणि शकू मागून फडक्याने पुसत येत होती.

हे देवघरात झालं तर? वाडीसमोर? बाबांच्या पाटावर?

नाही येत. जितूला बसव. एका वर्षाचा तर प्रश्न आहे.

चंदू


पालशेत
२५ ऑगस्ट २००१

चंदू,

गणपती आला, दीड दिवस राहिला, गेला.

जितूने पूजा केली. मंत्र पुटपुटला. दुर्वा घ्यायच्या तिथे तुळस उचलली, भटजींनी हातावर चापटी मारली. त्याचा दोष नाही, तो घामाने थबथबला होता. सगळे विचारत होते, चंदू का नाही? मी म्हटलं, तब्येत. मग एकमेकांकडे बघत होते, म्हणजे जितूने ती बाटल्याची गोष्ट पोटात ठेवलेली नाही, हे मला कळलं.

मी आरतीला बाहेर आलेच नाही. मोदक उकडतायत असं सांगितलं. मोदक केव्हाच उकडले होते.

बरा हो. पुढल्या वर्षीचा शब्द दिलायस.

अक्का


वसई रोड
१९ जानेवारी २००२

अक्का,

जोडलं!

आठ तारखेला ऑपरेशन झालं. आतडं आत गेलं, भोक शिवलं. पोटावर आता नुसता वीतभर वण. चौथ्या दिवशी मोठ्या माणसासारखा संडासला जाऊन आलो, तेव्हा वॉर्डमधल्या मावशींनी मला साखर खायला दिली. आज सकाळी जानवं नवं आणून घातलं. शकू म्हणाली, कुणाचं लग्न आहे का?

शिमग्याला येतो. पालखी माझ्या खांद्यावर.

चंदू


पालशेत
३ एप्रिल २००२

चंदू,

शिमगा झाला. पालखी घरी येऊन गेली. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, चंदू येतोय. दारात उभी राहून राहून माझे गुडघे धरले.

अडीच महिने तुझं पत्र नाही. शकूला पत्र लिहिलं तर 'ठीक आहेत' म्हणून कार्ड. तुम्ही दोघं नवराबायको कार्डावर लिहायला लागलात की मी समजते, काहीतरी लपवताय. काय झालंय? पुन्हा आलं का ते? असेल तर लिही. नसेल तर तेही लिही.

अक्का


वसई रोड
२१ एप्रिल २००२

अक्का,

पुन्हा आलेलं नाही. तपासण्या स्वच्छ आहेत. तुला घाबरवलं, माफ कर.

लिहिलं नाही कारण लाज वाटली. दुसऱ्यांदा.

मळ साठून राहायची जी जागा असते, तीच कापून काढली आहे. आता जरा काही आलं की लगेच जावं लागतं. तासात चार वेळा, मग दोन तास काही नाही, मग पुन्हा चार. झालं असं वाटून उठावं, लेंग्याची नाडी बांधावी, की परत. काल एकोणीस वेळा. आग अशी होते की मी, पंचावन्न वर्षांचा माणूस, घमेल्यातल्या कोमट पाण्यात बसून रडतो. फेब्रुवारीअखेर ऑफिसला जायला लागलो. तीन दिवस कसेबसे काढले. चौथ्या दिवशी स्टेशनच्या पुलावर उभ्याउभ्याच झालं. तसाच परत फिरलो. तेव्हापासून घरात.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन उत्तम झालंय. असेलही. सगळे मला 'सुटलास' म्हणतात. पिशवी होती तेव्हा मी जाईन तिथे संडास माझ्याबरोबर यायचा. आता मी त्याला सोडून कुठे जाऊ शकत नाही. पूर्वी सतरा पावलं चालायचो, आता खाटेपासून संडासापर्यंतची आठ.

थेरेसाबाई अजून येतात, गरज नसताना. आवळायचे-सोडायचे व्यायाम देतात, काय खाऊ नको ते सांगतात. वर्ष-दोन वर्षांत बरंच कमी होईल, पण पहिल्यासारखं होणार नाही, असं त्यांनीच स्पष्ट सांगितलं. बाकी कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, कोण जाणे. मला फक्त 'जोडून देतो' एवढंच ऐकू आलं होतं.

आणि एक गोष्ट तुला कबूल करायची आहे. गेल्या वर्षी मी येऊ शकलो असतो. थेरेसाबाई म्हणत होत्या ते खरं होतं. उपरणं बांधून आलो असतो तर दोन तास काय, चार तास बसलो असतो, कुणाला कळलंही नसतं. तेव्हा लाजेने आलो नाही. आता लाज गुंडाळून ठेवली तरी दोन तास एका जागी बसता येत नाही. पूजेतून उठायचं नसतं, आणि मला पंधरा मिनिटं भरवसा नाही.

मला बसायचं होतं गं. हे सगळं अंगावर घेतलं ते त्या पाटासाठी, असं मी मनाशी म्हणायचो. सुईला भ्यायचो तेव्हा मनात अथर्वशीर्ष म्हणायचो, विसरू नये म्हणून.

आता एका वर्षाचं म्हणत नाही. यापुढे जितूच बसेल. त्याला नीट शिकव. मी थोरलेपण सोडलं.

चंदू


पालशेत
२० ऑगस्ट २००२

चंदू,

चार महिने उत्तर दिलं नाही. कामात होते.

थोरलेपण सोडायला तो काय सोसायटीचा सेक्रेटरीपणा आहे? जितूच्या आधी जन्माला आलास, आता काय परत जाणार आहेस?

मी आधी भटजींना विचारलं. पूजेतून उठलं तर काय होतं? म्हणाले, उठू नये. म्हटलं, ते मलाही ठाऊक आहे, उठावंच लागलं तर? तोंडातलं पान थुंकून आले. मग म्हणाले, उठलं तर आंघोळ करायची, दुसरं धुतलेलं सोवळं नेसायचं, आचमन करायचं आणि जिथे सोडली तिथून पूजा पुढे चालू करायची. म्हटलं, असं किती वेळा चालतं? म्हणाले, पोथीत आकडा दिलेला नाही. म्हटलं, मग झालं तर. त्यांना त्या दिवशी अजून अकरा घरं आहेत, ते थांबणार नाहीत. पोथी ठेवून जातो म्हणालेत.

मग जितूला बसवून सगळं सांगितलं. हो, सांगितलं. तू नको म्हणाला होतास, तरी सांगितलं. तो ओटीवर बसून डोकं धरून रडला. दुसऱ्या दिवशी चिरे आणले. आपला संडास माडांच्या पलीकडे, तू कुठे धावणार? त्याने मागच्या पडवीला लागून नवा बांधलाय, बसायचं भांडं खुर्चीसारखं, आणि शेजारी न्हाणी. देवघरापासून अकरा पावलं. मी स्वतः चालून बघितलं, माझ्या गुडघ्यांनी.

आणि वाडीलाही सांगितलं. मंगळागौरीला सगळ्या बायका जमल्या होत्या, तिथेच. म्हटलं, चंदूला कॅन्सर झाला होता. त्याचं आतडं कापलंय. तो बाटलेला नाही, आजारी होता. यंदा पूजेला तोच बसणार, आणि त्याला मधूनमधून उठावं लागणार. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ता हसून घ्यावं, त्या दिवशी नको. कुणी हसलं नाही. शेजारची शांती उठून म्हणाली, माझ्या सासऱ्यांना तसंच व्हायचं, ते गोठ्यात जाऊन बसायचे, आम्हाला वाटायचं चक्रम आहेत.

रागावलास तर रागाव. दीड वर्ष तू एकटा ते ओझं घेऊन चौथ्या मजल्यावर बसलास, त्याचं काय झालं ते दिसतंय.

बाबांचा रेशमी मुकटा आहे, माझ्या लग्नातलं एक सोवळं, तुझ्या मुंजीतलं आखूड पण चालेल, आणि तीन साधी धोतरं. अशी सहा सोवळी धुऊन मी काठीने माजघरातल्या दांडीवर वाळत घातली आहेत. कुणी शिवायचं नाही म्हणून दारात मीच झोपते. पावसाने वाळत नाहीत, पण तोवर वाळतील.

सकाळी सहाला सुरू कर. बारा वाजोत, चार वाजोत, दिवेलागण होवो. नैवेद्य थांबेल, मी थांबेन, पोरंबाळं भूक लागली तर आधी जेवतील. आपला गणपती दीड दिवसाचा आहे. पूजा दीड दिवस चालली तरी मला चालेल. शेवटचं फूल वाहायचं आणि तसाच उचलून विसर्जनाला न्यायचा.

चतुर्थी दहा सप्टेंबरला. आशीर्वाद.

अक्का


वसई रोड
२९ ऑगस्ट २००२

अक्का,

तिकिटं काढली. शकूचं आणि माझं, चिपळूणपर्यंत रेल्वेने. खिडकीवरच्या माणसाला म्हटलं, डब्याच्या टोकाची, संडासाजवळची जागा दे. तो म्हणाला, काका, तिथे फार वास येतो. म्हटलं, दे बाबा.

रांगेतून दोनदा उठून जावं लागलं. दोन्ही वेळा मागच्या माणसाला सांगून गेलो, पोटाचं ऑपरेशन झालंय, जागा धरा. त्याने धरली.

सहा पुरणार नाहीत. सातवं मी घेऊन येतो.

चंदू